टेंप नावाचा नायक

संगणकाचा प्रोग्रॅम ही एक वाङ्मयीन कृती आहे, असं माझं मत झाल्यापासून घरात मला चहा उशिरा मिळतो. पण मत प्रामाणिक आहे. आमच्या वाकोल्याच्या सोसायटीची देखभालीची बिलं ज्या प्रोग्रॅममधून निघतात, तो चिटणिसांच्या चिरंजीवांनी लिहिला. मी तो कागदावर छापून घेतला आणि नाटकाची संहिता वाचावी तसा वाचला.

पात्रयोजना अगदीच कच्ची! पहिल्याच पानावर ए, बी, एक्स आणि एक्सएक्स प्रवेश करतात. कोण कुणाचा कोण, शेवटपर्यंत पत्ता नाही. टेंप तात्पुरता म्हणून आला आणि हंगामी कारकुनासारखा कायम झाला. पण खरा खलनायक ‘पाणी’. त्यात आधी पाणीपट्टी होती. पुढे दुरुस्ती निधीही चिरंजीवांनी त्यातच ओतला. टँकर महागले तेव्हा हिशेबनिसांनी ‘पाणी’ दीडपट केलं आणि निधीही निमूटपणे दीडपट झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आंटी बिल फडकवीत खाली आल्या, “अरे बाबा, आमी काय समुद्र पितो काय?”

चिरंजीव म्हणाले, “काका, मशीनला नावाशी काय करायचंय?” मशीनला नाही रे, वाचणाऱ्याला! २०१७ साली हॉफमाइस्टर, सीगमुंड आणि होल्ट यांनी ७२ व्यावसायिक प्रोग्रॅमरांना चुका शोधायला बसवलं. सुटी अक्षरं किंवा तोडकी नावं यांच्यापेक्षा पूर्ण शब्द असले, तर त्या सुमारे १९ टक्के लवकर सापडल्या. त्याच वर्षी अविदान आणि फाइटेल्सन यांना आढळलं, की दिशाभूल करणाऱ्या नावापेक्षा ए-बी-सी परवडले. ए निदान मुका असतो. ‘पाणी’ शपथेवर खोटं बोलतं.

वाकोलेकरांना हे प्रयोगावाचून कळायला हवं. ज्याला लोक वर्षानुवर्षं सांताक्रूझ विमानतळ म्हणत आले, त्याला जवळचं स्टेशन विलेपार्ले! नावावर विश्वासून सांताक्रूझला उतरलेले पाहुणे ट्रंकेसह आमच्याकडे चहाला येतात आणि विमान चुकलं की जेवायलाही थांबतात.

मात्र लग्नपत्रिकेएवढी लांब नावंही नकोत. जुन्या फोरट्रानमध्ये नावाला सहाच अक्षरं मिळत, आणि आय ते एनपैकी अक्षराने सुरू होणारं नाव न सांगता पूर्णांक ठरे. नुसती मोजणी करणारा ‘आय’ नाटकातल्या निरोप्यासारखा; त्याचं बारसं कशाला?

माझं परीक्षण चिरंजीवांनी शांतपणे ऐकलं आणि रात्रीत दुरुस्ती निधी वेगळा काढला. नव्या पात्राचं नाव त्यांनी ‘पाणी-दोन’ ठेवलंय.