लघुकृत प्रतींची विश्वसनीयता

सिल्लोडसारख्या गांवीं एखाद्या घरीं मोडी कागदांचा रुमाल निघाला, म्हणजे हल्लीं त्याचीं डिजिटल छायाचित्रें घेऊन, फाईल लहान करून संशोधकांकडे धाडतात. सोय खरी, परंतु ‘जेपेग’ पद्धतींत आकार घटतो तो तपशील टाकूनच. फार घटविल्यास पुसट शाई व बारीक फांटे प्रथम जातात. ‘जेबिग-२’च्या एका प्रकारांत तर सारख्या दिसणाऱ्या आकृतींस एकच ठसा लावतात, डेव्हिड क्रीझेल यांनीं २०१३ सालीं स्कॅन-प्रतींत इंग्रजी ६ चे ८ झालेले दाखविले. मोडी आंकड्यांत असें घडल्यास सन चुकेल, आणि प्रत मात्र स्वच्छ दिसेल! सबब मूळ ‘टिफ’ प्रत जपावी. ती ‘एलझेडडब्ल्यू’ पद्धतीनें तपशील न गमावतां लहान होते. लघुप्रत ओळखीपुरती, पाठनिर्णयास ती प्रमाण नव्हे.