अनंताचा दोरा

अनंत चतुर्दशीला चौदा गाठींचा दोरा दंडाला बांधतात आणि त्यालाच अनंत म्हणतात. चौदा ही मोजून संपणारी संख्या आहे, याची कुणाला अडचण वाटत नाही. आपल्या लेखनात मात्र या मोजलेल्या गाठींचा विसर पडतो. भास्कराचार्यांनी अनंत शोधले आणि ज्ञानदेवांनी ते अनुभवले, अशी दोन विधाने आपण एका दमात करतो. दोन्ही तपासून पाहायला हवीत.

आधी अनुभवाचे पाहू. उन्हाळ्यात औशात गच्चीवर अंथरूण टाकून वर पाहिले की तारे अनंत वाटतात. प्रत्यक्षात अगदी अंधाऱ्या रात्रीही नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-तीन हजारच तारे दिसतात. म्हणजे अनंत वाटायला अनंत असावे लागत नाही. मोजणे सोडून दिले की पुरते. फार मोठे आणि अनंत यांतला फरक इंद्रियांना कळत नाही. त्यामुळे अनंताच्या अनुभवाची साक्ष कितीही प्रामाणिक असली, तरी ती पुरावा ठरत नाही.

भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटले. तिच्यात काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही. प्रलयकाळी जीव अच्युतात शिरले किंवा सृष्टिकाळी बाहेर पडले, तरी अच्युत जसा तसाच राहतो. हा दृष्टान्त आपण विशालतेचा मानतो. नीट वाचला तर तो न बदलण्याचा आहे. आचार्य अनुभव सांगत नाहीत, राशीची वागणूक सांगतात. तिच्यात अडचणही आहे. शून्याने गुणून पुन्हा शून्याने भागले तर मूळ राशी कायम राहते, असे ते 'लीलावती'त मानतात. मग एक आणि दोन यांना शून्याने भागून एकच खहर येत असेल, तर तिच्यातून परत एक मिळणार की दोन? पण अशी चूक दाखवता येते, कारण नियम स्पष्ट मांडलेला आहे. अनुभवाची चूक अशी दाखवता येत नाही.

पुढे १८९१ मध्ये गेऑर्ग कँटर यांनी कर्णरेषेची युक्ती मांडली. तिच्या आधारे शून्य ते एक यांमधल्या सर्व दशांश संख्यांची क्रमवार यादी होऊच शकत नाही, हे सिद्ध होते. यादी कोणतीही करा, एक तरी संख्या बाहेर राहतेच. अनंताविषयीची ही सिद्धता एका पानात संपते.

'अमृतानुभव' या नावातच अनुभव आहे, असा आक्षेप येईल. पण पाचव्या प्रकरणात ज्ञानदेव सत्, चित्, आनंद ही पदेही केवळ असत्, जड आणि दुःख यांचा निरास करतात असे दाखवतात, आणि सहाव्यात शब्दाचेच खंडन करतात. 'अनंत' हा शब्दही अंत नाकारण्यापलीकडे काही सांगत नाही. शिवाय तिथे अनुभवणारा आणि अनुभवाचा विषय वेगळे उरत नाहीत. असा ग्रंथ अनंत या विषयाच्या अनुभवाचा साक्षीदार म्हणून उभा करणे ग्रंथावरच अन्याय आहे.

अनंताचा अनुभव येत नाही; आकलन होते. हा भेद पुसला तर अनंत हे फक्त सिद्धांचे क्षेत्र ठरते. चौथीतली मुलगी मोठ्यात मोठ्या संख्येत एक मिळवते, पुन्हा मिळवते आणि थांबायला काही कारणच नाही हे ओळखते. तिला अनंत कळलेले असते.