उजळ की गोरे? लेबलावरच्या दोन शब्दांची झडती

पितळेचा तांब्या चिंच लावून घासला की उजळतो. तो चांदीचा होत नाही. घरात कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. पण हेच क्रियापद चेहऱ्याला लावले की आपली गफलत होते. 'वर्ण उजळला' याचा अर्थ मराठीत 'गोरा झाला' असाच घेतला जातो. एका शब्दाचे दोन अर्थ, आणि मलमांच्या जाहिराती नेमक्या त्यांच्या मधल्या फटीत शिरतात. इंग्रजीतून आलेल्या 'ब्राइटनिंग' आणि 'व्हाइटनिंग' या शब्दांनी ही फट बुजेल असे वाटले होते. ती बुजलेली नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावाचे (सेनगाव तालुका) उदाहरण घेऊ. गावाच्या नावात 'गोरे' आहे हा योगायोग. हा हळद-सोयाबीनचा, उन्हात राबणाऱ्या माणसांचा मुलूख. तिथल्या वर्गात हा विषय घ्यायचा झाला तर सुरुवात मलमाच्या नळीपासून न करता पोटरीपासून करावी. थंडीत कोरड्या पडलेल्या पोटरीवर नखाने रेघ ओढा. ती पांढरी उमटते, कारण सुटू लागलेल्या मृत पेशींच्या कपच्यांवरून प्रकाश चहूकडे विखुरतो. आता तिच्यावरून खोबरेल तेलाचे बोट फिरवा. रेघ नाहीशी होते, कातडी तुकतुकीत दिसू लागते. नीट पाहिले तर रंग किंचित गडदच झालेला असतो, तरीही पाहणारा म्हणतो, "आता कशी उजळ दिसते!" म्हणजे उजळपणा आणि गोरेपणा चक्क उलट दिशांनाही जाऊ शकतात.

'ब्राइटनिंग'चा प्रामाणिक अर्थ एवढाच: ओलावा टिकवणे, लॅक्टिक किंवा ग्लायकॉलिक आम्लाने मृत पेशींचा थर सैल करणे, फार तर अभ्रकाची चमक मिसळणे. मूळ रंगाला हात लागत नाही. 'व्हाइटनिंग'चा रोख मात्र मेलॅनिनवर असतो. हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी काळ्या-गोऱ्या सर्व माणसांत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन बनवतात यात. त्यासाठी त्या टायरोसिनेज नावाचे विकर वापरतात. हायड्रोक्विनोन, कोजिक आम्ल, आर्ब्युटिन हे पदार्थ या विकराच्या कामात अडथळा आणतात. आणि पाराही आणतो.

इथवर भेद स्वच्छ आहे. पण नायसिनमाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) पाहा. ते मेलॅनिन वरच्या पेशींपर्यंत पोहोचण्यात अडथळा आणते, म्हणजे काम दुसऱ्या गटाचे. तरी ते दोन्ही प्रकारच्या लेबलांवर सापडते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात 'सौंदर्यप्रसाधन' या शब्दाची व्याख्या आहे, पण तीत हा भेद नाही. त्यामुळे कोणता शब्द छापायचा हे बाजार ठरवतो. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चे २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' झाले. 'फेअर' गेले हे आम्हांला बरेच वाटले. मात्र नाव बदलले म्हणजे नळीतले द्रव्य बदलले, असे मानण्याचे कारण नाही.

हा वाद केवळ शब्दांचा असता तर आम्ही इतकी जागा खर्ची घातली नसती. गोरेगावाच्याच बाजूला, हिंगोलीहून वाशीममार्गे रेल्वे जाते त्या अकोल्यातील एका कुटुंबाची हकिकत २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आली. आई आणि दोन मुली एकच गोरेपणाचे मलम वापरत होत्या. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीने शोध घेतला तेव्हा मलमात पारा निघाला. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असेच आढळले. २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतील १५ जणांत त्या विकाराचा एक विरळा प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे लावत होते. पारा कातडीतून रक्तात उतरतो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात. चेहऱ्यावर मात्र तेव्हा 'गुण' दिसत असतो, म्हणूनच त्या मलमाची शिफारस होते.

भारतात सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. नकळत आलेला पाराही (डोळ्यांची प्रसाधने वगळता) दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. दुसरा धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही औषधे आहेत. २०१८ पासून अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवले की चेहरा भडकतो.

वर्गात घरोघरीच्या नळ्या-डब्या मागवा. पुढचे मोठे अक्षर कागदाने झाका आणि मागची घटकांची यादी वाचायला सांगा. 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल' हे सगळे पाऱ्याचेच शब्द. टाइप इतका बारीक असतो की प्रयोगशाळेतले भिंग लागेल. एखाद्या डबीवर घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता यांपैकी काहीच नसेल, तर ती डबी बाजूला काढून ठेवा आणि कोणाच्या घरून आली ते वर्गात विचारू नका. शाळा सुटल्यावर त्या मुलीशी बोला.