'ब्रोका क्षेत्र' : रचना व कार्य यांच्या एका समीकरणाची चिकित्सा

मेंदूची रचना व त्याचे कार्य यांच्या संबंधाची चर्चा मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत बहुधा पॉल ब्रोका यांच्या नावाने सुरू होते. डाव्या ललाटखंडातील एका भागाकडे बाण दाखवून 'वाणीचे केंद्र' असे लिहिले की विषय संपतो. हे समीकरण ज्या पुराव्यावर उभे आहे, त्याची तपासणी मात्र क्वचितच होते.

इ. स. १८६१ मध्ये पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात ब्रोका यांनी लेबोर्न्य या ५१ वर्षांच्या रुग्णास तपासले. त्यास बोललेले बरेचसे समजत असे; स्वतः मात्र तो 'तां' या एका उच्चारापलीकडे जवळजवळ काहीच बोलू शकत नसे. मृत्यूनंतर मेंदूत आढळलेली इजा विस्तृत होती, आणि ब्रोका यांनी ती लपविलेली नाही. आधी वाणी गेली, उजवा हात व पाय पुढे कित्येक वर्षांनी लुळे पडले. या क्रमावरून त्यांनी इजेचा आरंभ ललाटखंडात झाला असावा, असे अनुमान केले. अनुमान चतुर आहे, पण ते अनुमानच आहे. पाठ्यपुस्तकांनी ते गाळून केवळ निष्कर्ष ठेवला.

सुदैवाने ब्रोका यांनी तो मेंदू न कापता जतन केला. २००७ मध्ये नीना ड्रॉन्कर्स व सहकाऱ्यांनी तो, तसेच लेलाँ या दुसऱ्या रुग्णाचा मेंदू, यांचे एम.आर.आय. चित्रण प्रसिद्ध केले. दोन्हींत इजा पृष्ठभागाखाली खोलवर, ललाटखंडास मागील भागांशी जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली होती. लेलाँच्या बाबतीत तर आज 'ब्रोका क्षेत्र' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या भागाचा पुढील हिस्सा शाबूत होता! म्हणजे क्षेत्राचे नाव ज्यांच्यामुळे पडले, त्यांचे क्षेत्र आणि आजचे क्षेत्र तंतोतंत एक नव्हे.

वाणी नष्ट करणाऱ्या इजेचे स्थान आणि वाणीचे स्थान या दोन भिन्न गोष्टी होत, हा भेद ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच केला होता. मोर व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखविले की, इजा त्या क्षेत्रापुरतीच मर्यादित असल्यास कायमचा वाचाघात सहसा होत नाही. त्यास बरीच मोठी इजा लागते. रचना कार्यास बांधते, यात शंका नाही. परंतु येथे रचना म्हणजे एक ठिकाण नसून ठिकाणांना जोडणारे मार्गही आहेत. मराठीतील 'केंद्र' हा शब्द या मार्गांना झाकून टाकतो. पक्षाघातानंतर रुग्णाचे नातेवाईक 'वाणीचे केंद्रच गेले' असे समजून वाचोपचार सोडून देत असतील, तर त्या समजुतीमागे पाठ्यपुस्तकातील तो एकटा बाणही आहे.