डॉल्स हाउस, अ
प्रसिद्ध नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेन (१८२८–१९०६) ह्याचे तीन अंकी गद्यनाटक. ४ डिसेंबर १८७९ रोजी ते कोपनहेगन येथे प्रसिद्ध झाले व त्याच महिन्यात, २१ तारखेस, तेथील रॉयल थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला.

पती टॉरवाल्ड हेल्मर ह्याच्या आजारपणात त्याला इटलीस नेता यावे, म्हणून नोराने त्याच्या नकळत क्रोगस्टॅडकडून कर्ज काढलेले असते. पतीच्या संमतीवाचून पत्नीला कर्ज मिळणे शक्य नसल्यामुळे तिने जामीन म्हणून वडिलांची खोटी सही केलेली असते. हे उघडकीस येताच पती सारा दोष स्वतःवर घेईल, ही तिची श्रद्धा फोल ठरते. तो तिची निर्भर्त्सना करतो आणि संकट टळल्यावर उदारपणे क्षमा करू लागतो. आठ वर्षांचा संसार व तीन मुले सोडून नोरा घराबाहेर पडते.

नोराचे हे परिवर्तन आकस्मिक वाटते, असा आक्षेप घेण्यात येतो. तथापि त्याची बीजे पहिल्या अंकातच आहेत. कर्जफेडीसाठी दार बंद करून रात्री उशिरापर्यंत नकला करण्यात आपल्याला पुरुषासारखे कमावल्याचा आनंद वाटे, असे ती मैत्रिणीला, मिसेस लिंडेला, सांगते. कायद्याच्या दृष्टीने जो गुन्हा, तेच तिचे पहिले स्वतंत्र कृत्य होय. शेवटी तिला कळते ते एवढेच, की हे स्वातंत्र्यही तिने पतीसाठी वापरले, स्वतःसाठी नव्हे. उलट, स्वतः कमावणारी मिसेस लिंडे एकाकीपणाला कंटाळून क्रोगस्टॅडशी सहजीवन स्वीकारते. अर्थार्जन म्हणजे मुक्ती आणि विवाह म्हणजे बंधन, असे सोपे समीकरण इब्सेन मांडत नाही. नोराच्या उद्याविषयी तो मौन पाळतो. तिला स्वतःची ओळख करून घ्यावयाची आहे, एवढेच तो सुचवितो.

जर्मनीतील प्रयोगासाठी १८८० मध्ये इब्सेनने मुलांकडे पाहून नोरा थांबते, असा पर्यायी शेवट नाखुशीने लिहून दिला. परंतु नाटकावरील अत्याचार म्हणून त्याचा निषेधही केला. नॉर्वेत विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर कायदेशीर अधिकार १८८८ मध्ये मिळाला. मराठीत अनंत काणेकर ह्यांनी घरकुल ह्या नावाने ह्या नाटकाचे रूपांतर केले. मो. ग. रांगणेकर ह्यांच्या कुलवधू (१९४२) ह्या नाटकावरही त्याचा प्रभाव आहे.