तेर : वास्तू, वस्तू आणि नामफलक

ऐतिहासिक वास्तू आणि लहान वस्तुसंग्रहालये यांच्या दर्शनातून मराठीत जे लेखन निर्माण होते, ते बहुतांशी प्रवासवर्णनाच्या वळणाचे असते. त्यात मंदिर 'भव्य' असते, शिल्प 'अप्रतिम' असते, आणि वस्तूपुढील फलकावरचा शब्द लेखकाने जसाच्या तसा टिपून घेतलेला असतो. त्या शब्दाची परीक्षा सहसा कोणी करीत नाही. वास्तविक ही परीक्षा भाषेच्या अभ्यासकाची आहे. वस्तूस दिलेले नाम वरकरणी साधी ओळख करून देते; परंतु त्यात पुष्कळदा एक निर्णय दडलेला असतो, आणि प्रेक्षक वस्तूकडे पाहण्यापूर्वीच तो स्वीकारून मोकळा होतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे स्थळ या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

टेंभुर्णीच्या विद्यार्थ्यास तेर दूरचे नाही. कुर्डुवाडी व बार्शी या मार्गाने तेथे जाऊन एका दिवसात परत येता येते. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली व पुढे तेरवरून लातुरास पोहोचली. इंग्रजी कागदपत्रांत या गावाचे नाव 'थैर' अशा काहीशा विचित्र लेखनाने येते. हे लेखन पाहणाऱ्यास येथे प्राचीन 'तगर' नांदत होते, अशी शंकाही येऊ नये.

ग्रीक भाषेतील 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील व्यापारी वृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर तगर हे मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. पुढे शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत तगरपुराचे आधिपत्य मिरवीत राहिले. हे नगर कोणते, याविषयी देवगिरी, जुन्नर, धारूर असे अनेक तर्क झाले. धारूरचा पक्ष तर प्रत्यक्ष रा. गो. भांडारकरांचा होता. १९०१ मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे समीकरण मांडले व तेच आज मान्य आहे. भाषाशास्त्राची साक्ष येथे स्वच्छ आहे. दोन स्वरांमधील 'ग'काराचा लोप होऊन त्या जागी यश्रुती येते आणि 'अय'चा 'ए' होतो : तगर, तयर, तेर. हाच मार्ग 'नगर' शब्दाने आक्रमिला आहे. संगमनेर, पारनेर, अमळनेर यांतील 'नेर' त्याची साक्ष देतो. तथापि ध्वनिनियम फार तर शक्यता सिद्ध करतो. ते नगर येथेच होते हे सांगण्यास जमिनीतून निघालेल्या वस्तूच लागतात.

त्या वस्तू गावातच राहिल्या, याचे श्रेय रामलिंगप्पा लामतुरे यांना द्यावयास हवे. या स्थानिक व्यापाऱ्याने पांढरीच्या टेकाडांतून निघणारे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती, शंखाच्या व हस्तिदंताच्या वस्तू हौसेने आणि चिकाटीने जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्येच आहे. लहान संग्रहालयाचे सारे बळ या सान्निध्यात असते. इंग्लंडमधील यॉर्क या जुन्या शहरी १८३० साली उघडलेले यॉर्कशर संग्रहालय सेंट मेरी मठाच्या भग्नावशेषांच्या आवारातच उभे आहे. भग्न भिंत आणि तिच्यातून आलेला दगड यांत काही पावलांचेच अंतर. रोमनांचे एबोराकुम, अँग्लो-सॅक्सनांचे एओफोरविक, उत्तरेकडून आलेल्या व्हायकिंगांचे योरविक आणि आजचे यॉर्क, हा नामप्रवासही तेथे वस्तूंच्या थरांबरोबर वाचता येतो. तेरला हे सारे साधन उपलब्ध आहे. उणीव आहे ती वाचनाची.

प्रथम वास्तूचे उदाहरण घेऊ. तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याचा मागील भाग अर्धवर्तुळाकार आहे. वर गजपृष्ठासारखे छत, पुढे नंतरच्या काळात जोडलेला मंडप, आत त्रिविक्रमाची मूर्ती. हेन्री कझिन्स यांनी हे मंदिर पाहून ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात मांडले. तेरमध्ये बौद्ध धर्म नांदत होता यात संशय नाही. उत्खननात तेथे स्तूपाचे अवशेषही मिळाले आहेत. प्रश्न या एका इमारतीचा आहे. गजपृष्ठाकार विधान हे केवळ बौद्धांचे नव्हे. गुडिमल्लमचे शिवमंदिर आणि ऐहोळेचे दुर्गमंदिर ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. (ऐहोळेच्या मंदिराचे नावही प्रेक्षकास चकविणारे आहे. ते देवीवरून आलेले नसून शेजारच्या दुर्गावरून, म्हणजे तटबंदीवरून पडले आहे.) 'चैत्यगृह' म्हटले की मूर्ती उपरी ठरते, 'मंदिर' म्हटले की अर्धवर्तुळ ही केवळ एक लकब उरते. दोन्ही पक्षांच्या अनुयायांना हा शब्द हवासा वाटतो आणि दोघेही विटेला बोलू देत नाहीत. आमच्या मते येथे आकृतीचे नाव द्यावे, पंथाचे देऊ नये : 'गजपृष्ठाकार विटांची वास्तू, सध्या त्रिविक्रमाचे मंदिर'. हे नाव रुक्ष आहे खरे, पण त्यात प्रश्न जिवंत राहतो.

नामाच्या अशा घाईचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तेरपासून फार दूर, इटलीत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या जातीच्या मूर्ती तेर व भोकरदन येथे मिळाल्या असल्याने दख्खन आणि रोम यांच्या व्यापाराचा विचार तिच्यावाचून पुरा होत नाही. ती जगभर 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणून ओळखली जाते. वास्तविक तिच्या ठायी लक्ष्मीची निश्चित लक्षणे नाहीत. बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात, आणि ती एखाद्या उपकरणाचा, कदाचित आरशाचा, भाग असावी. परंतु देवतेचे नाव एकदा चिकटले की शृंगाराच्या साधनाची मूर्ती पूजेची होऊन बसते. तेरच्या हस्तिदंती बाहुलीस लोक 'बाहुली' म्हणतात, हे त्या मानाने कितीतरी अधिक शास्त्रीय आहे.

मातीच्या भांड्यांच्या बाबतीत मात्र उलट दोष घडतो. मूर्तीस आपण फार नेमके नाव देतो, भांड्यास फार ढिले. मराठी पुरातत्त्वलेखनात 'मृद्भांडे' या एका संस्कृत समासाने सारी उतरंड झाकून टाकली आहे. मराठीजवळ रांजण, डेरा, घागर, केळी, मोघा, गाडगे, बोळके, परळ, वेळणी, पणती असे शब्द आहेत, आणि यांतला प्रत्येक शब्द तोंडाची रुंदी, पोटाचा घेर आणि वापर एकाच वेळी सांगतो. हे वर्गीकरण कोणा पंडिताने केलेले नाही. ते चाकावर आणि चुलीपाशी झाले आहे. संक्रांतीचे 'सुगड' हा शब्द 'सुघट'पासून आलेला मानतात, म्हणजे त्यात घट आहे याची जाणीव बोलणाऱ्यास उरलेली नाही. पण त्याचा आकार तिला चुकत नाही. अर्थात दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या वापराचा दाखला म्हणून आजचा शब्द लावता येणार नाही, हा आक्षेप योग्य आहे. मात्र 'मृद्भांडे' म्हटल्याने ती अडचण सुटत नाही. केवळ तिचा विसर पडतो. 'परळासारखे उथळ भांडे' असे लिहिल्यास साम्य व अंतर दोन्ही राखता येतात.

आणि हे सारे तेरमध्ये घडावे! हे गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यातील कोणते मडके कच्चे, हे थापटण्याने पारखणाऱ्या कुंभाराची कथा महाराष्ट्रात लहान मुलासही ठाऊक आहे. तेरची पाण्यावर तरंगणारी वीट प्रेक्षकांना चमत्कार म्हणून दाखविली जाते. परंतु मातीत तूस किंवा भुसा मिसळला की तो भट्टीत जळतो आणि विटेत पोकळ्या राहतात, हे कारण कोणत्याही कुंभारास पटकन उमजेल. लीद व राख मातीत मिसळणे हे त्याच्या नित्याच्या व्यवहाराचेच अंग आहे.

हे शब्द आता वेगाने मावळत आहेत. ज्या घरात स्टीलचा पिंप आला, तेथे रांजण शब्द पुढच्या पिढीस केवळ कोशातून भेटतो. वस्तू आणि शब्द एकत्र भेटू शकतील अशी जागा उरली ती संग्रहालयाची. गोरोबाकाकांच्या समाधीची यात्रा चैत्र वद्यात भरते आणि खेड्यापाड्यांतून वृद्ध स्त्रिया तेथे येतात. विभागाच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवसांत भांड्यांची रेखाचित्रे घेऊन तेथे बसावे, प्रत्येक आकारास त्या काय म्हणतात हे गाव आणि तालुक्यासह टिपून घ्यावे, आणि एकाच आकारास दोन गावांनी दोन नावे दिली तर दोन्ही लिहावीत.