आधी आणि मग : तानाजीच्या कथेतील ऋणविचार

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव मराठी वाचकाला परिचित आहे ते तानाजी मालुसरे यांच्या कथेमुळे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेताना ते पडले. घरी पुत्र रायबाचे लग्न निघाले होते, असे परंपरा सांगते. स्वराज्य व संसार यांत विरोध कल्पून तानाजीने स्वराज्य निवडले, असा निष्कर्ष बहुधा काढला जातो. प्रस्तुत टिपणाचे म्हणणे असे की, कथेच्या भाषेत हा विरोध नाही. आणि तो कल्पिल्यामुळे समूहाचा घटक असण्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न मात्र झाकला जातो.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत लग्नाचा उल्लेख नाही. तेथे तानाजी आपण होऊन कामगिरी पत्करतो, विडे घेतो व पाचशे माणूस घेऊन निघतो. हे बंधन स्वामी व सेवक यांमधले आहे. लग्न येते ते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात. ते खरोखर ठरले होते काय, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा. समीक्षेपुढील प्रश्न, श्रोत्यांना त्याची गरज का भासली, हा आहे. विडा उचलणारा केवळ आपला प्राण पणाला लावतो. लग्नघरातून उठणारा इतरांचे देणे मागे ठेवून उठतो. पोवाड्याने त्यागाला माप दिले ते असे.

शिवाय तानाजीबरोबर जातात कोण? भाऊ सूर्याजी आणि शेलारमामा. ज्यांच्यावाचून मांडव अडावा, तेच कड्याखाली उभे आहेत. येथे घर एकीकडे व राज्य दुसरीकडे, अशी विभागणी राहत नाही. भाऊबंदकीच्या ज्या धाग्यांनी लग्न उभे राहते, त्याच धाग्यांनी स्वारी उभी राहते. म्हणून दोहोंचा भार एकाच घरावर पडतो.

सभासदाच्या बखरीत महाराजांचा शोकोद्गार एक गड मिळाला व एक गेला, अशा अर्थाचा आहे. पुढे लोकोक्तीत, आणि १९०३ मधील हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या शीर्षकात, गेलेल्या गडाच्या जागी सिंह आला. हा बदल केवळ अलंकाराचा नाही. 'गड' म्हणताना माणूस समूहाच्या आधारांत मोजला जातो; 'सिंह' म्हणताना तो एकटा पराक्रमी ठरतो. त्याच्या जाण्याने कोणता आश्रय खचला, हे पहिली प्रतिमा सांगते. दुसरी ते सांगत नाही.

कोंढाणा व रायबा यांच्या लग्नांविषयीच्या प्रसिद्ध उक्तीत 'आधी' व 'मग' ही दोन अव्यये सारा भार वाहतात. ती निवड सांगत नाहीत, क्रम सांगतात. दुसरे ऋण नाकारलेले नाही, पुढे ढकललेले आहे. मात्र उक्तीत क्रियापद नाही, कर्ताही नाही. 'आधी'चा कर्ता रणात पडला. मग 'मग'चा कर्ता कोण? कथापरंपरा उत्तर देते की, रायबाचे लग्न पुढे महाराजांनी लावून दिले. समूहाने ज्याचा प्राण घेतला, त्याचे अपुरे वाक्य समूहाने पूर्ण करावे, हा या कथेचा नीतिविचार होय.

तरीही वाक्य पुरते पूर्ण होत नाही. लग्न लावता येते, बाप आणता येत नाही. उक्तीत रायबाचे नाव आहे, त्याच्या आईचे नाही. उमरठच्या समाधीपाशी शौर्याचे स्मरण होते ते योग्यच. परंतु त्या घरी 'मग' कसे निभावले गेले, हे विचारल्यावाचून कथेचे वाचन अर्धेच राहते.